त्रेचाळीस रजिस्टरं आणि एक वाचक

माधुरीबाई निमसेंना एक वाचक बघायचा होता.

जास्त नाही, एकच. त्यांनी छापलेलं पुस्तक हातात धरून, ओठ हलवत किंवा न हलवत, वाचणारा. 'पाणपोई प्रकाशन' सुरू होऊन सात वर्षं झाली होती, अकरा पुस्तकं निघाली होती, आणि एवढ्या काळात माधुरीबाईंनी लेखक पाहिले, लेखकांचे मेहुणे पाहिले, प्रकाशन समारंभात पेढा खाऊन पुस्तक खुर्चीवर विसरून जाणारे पाहुणे पाहिले. वाचक तेवढा राहिला होता. पारनेरच्या डोंगरातल्या बिबट्यासारखं ते प्रकरण होतं. तो आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती, प्रत्येकाच्या चुलतभावाने त्याला पाहिलेलंही असे, पण माधुरीबाई जाऊन बघतात तर रान मोकळं.

त्यातही दुखरी जागा एक होती. 'तेरा गावांची नर्सबाई' हे त्यांचं सातवं पुस्तक. पारनेर तालुक्यात तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या एका नर्सबाईंनी शाळेच्या वह्यांमध्ये लिहून ठेवलेल्या आठवणी माधुरीबाईंनी तीन महिने बसून नीट लावल्या होत्या. नर्सबाईंनी छापील पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, "बाळ चांगलं आहे, वजन कमी आहे," म्हणाल्या, आणि पुढच्याच वर्षी वारल्या. ते बाळ आता निमसेंच्या सावेडीतल्या घरात, पुढच्या खोलीतल्या दोन दिवाणांखाली झोपलेलं होतं. आठशे चाळीस प्रती. एका दिवाणाचा पाय मोडला तेव्हा तिथेही गठ्ठाच लावला, आणि तो पायापेक्षा टिकाऊ निघाला. आलेला पाहुणा साहित्यावर बसूनच पोहे खात असे, फक्त त्याला ते माहीत नसे.

एका रविवारी रंभाजीराव चप्पल शोधायला दिवाणाखाली वाकले आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, "अगं, ही पुस्तकं वाढतायत की काय?"

बोलले सहजच. पण माधुरीबाईंना ते लागलं. "येत्या पाडव्यापर्यंत मला माझं पुस्तक वाचणारा एक माणूस या डोळ्यांनी दिसला नाही," त्या म्हणाल्या, "तर पाणपोई बंद! सगळी रद्दीत घाला."

रंभाजीराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. गृहस्थ अत्यंत मायाळू, पण सव्वीस वर्षांच्या नोकरीने त्यांचा तोंडी शब्दावरचा विश्वास उडाला होता. "तोंडी नको," ते चप्पल हातात घेऊन म्हणाले. "अर्ज दे." रागाच्या भरात माधुरीबाईंनी अर्ज लिहिला. रंभाजीरावांनी त्यावर पोच दिली, आणि लाल नाडीच्या फायलीत लावून वर विषय लिहिला: 'पाणपोई प्रकाशन बंद करणेबाबत'. राग संध्याकाळपर्यंत गेला. फाईल मात्र कपाटावर राहिली, आणि माधुरीबाई देवाला दिवा लावताना ती नेमकी डोळ्यांसमोर येई.

शेजारी मच्छिंद्र लोंढे राहत. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. आयुष्य माइकवरून गाड्या सोडण्यात गेल्याने ते घरात चहा मागायचे तोही दोनदा आणि फलाट क्रमांक सांगितल्यासारखा. त्यांना ही गोष्ट कळली. त्यांना कुठलीही गोष्ट कळत असे.

"वहिनी, प्रवासी कुठं चढतो हे कुणाला माहीत? डेपो मॅनेजरला? नाही. कंडक्टरला. तसा वाचक कुठं आहे हे फक्त ग्रंथपालाला माहीत. ग्रंथपाल धरा!"

ग्रंथपाल माधुरीबाईंनी आदल्या वर्षीच पाहिले होते. कोल्हारला ग्रंथालय संघाचं जिल्हा अधिवेशन भरलं होतं आणि त्यात माधुरीबाईंनी एक टेबल मिळवलं होतं. दोन बाजूंना पुण्याचे मोठे प्रकाशक, डायऱ्या आणि पिशव्या वाटणारे. मध्ये ह्या, अकरा पुस्तकं आणि एक उदबत्ती घेऊन. पण त्या दिवशी त्या विक्री विसरून नुसत्या बघत राहिल्या होत्या. दोनशे गावांचे ग्रंथपाल! खिशाला पेन, काखेत पिशवी. कुणाचं वाचनालय चावडीच्या खोलीत, कुणाचं मारुतीच्या देवळामागे, कुणाचं कपाट सोसायटीच्या खतांच्या गोण्यांना टेकून उभं. मानधन असं की सांगताना ते स्वतःच हसत. आणि तरी एकेकाला दोन-दोन हजार पुस्तकांचे दाखल क्रमांक तोंडपाठ. एका म्हाताऱ्या ग्रंथपालांनी 'नर्सबाई' हातात घेतलं, वास घेतला, बांधणीवर अंगठा दाबला आणि "दहा वाचक टिकेल. पुढं शिवावं लागेल," एवढं बोलून ठेवून दिलं. माधुरीबाई नकळत उठून उभ्या राहिल्या होत्या.

"पण ते बोलत नाहीत हो," त्या लोंढ्यांना म्हणाल्या. "कोण वाचतं असं विचारलं की म्हणतात, वाचतात की."

"मग पुरस्कार द्या! पुरस्कार दिला की माणूस बोलतो. आमच्या डेपोत विनाअपघाताचं बक्षीस दिलं होतं एका ड्रायव्हरला. तीन तास बोलला. त्याची गाडी चुकली, पण बोलला."

अशा रीतीने 'पाणपोई उत्तम ग्रंथपाल पुरस्कार' जन्माला आला. शाल, नारळ आणि प्रकाशनाची खूण म्हणून भांडे गल्लीतून करून घेतलेली वीतभर पितळी घागर. पुढचं अधिवेशन नेवाशाला होतं, तिथं तो द्यायचा. संघाच्या अध्यक्षांनी लगेच होकार दिला, आणि लगेच एका नात्यातल्या ग्रंथपालाचं नावही सुचवलं. माधुरीबाईंनी जिल्हाभर पत्रकं पाठवली. त्या पत्रकातली एक ओळ त्यांची स्वतःची होती आणि त्या ओळीचा त्यांना इतका अभिमान होता की ती त्यांनी रंभाजीरावांनाही दाखवली नाही. दाखवली असती तर ही गोष्टच घडली नसती.

ओळ अशी: 'अर्जासोबत वाचनालयाचे देवघेव रजिस्टर पाठवावे.'

देवघेव रजिस्टर म्हणजे कुठल्या दिवशी कुठलं पुस्तक कोण घेऊन गेलं, कधी परत आणलं, याची सहीनिशी नोंद. म्हणजे वाचकांची नावानिशी यादी! ग्रंथपाल न बोलो, रजिस्टर बोलेल. बिबट्याचे नुसते ठसेच नव्हे, त्याची सहीसुद्धा. ही युक्ती आपल्यालाच कशी सुचली याचं माधुरीबाईंना दोन दिवस नवल वाटत होतं.

आणि रजिस्टरं यायला लागली. नकला नव्हेत, उतारे नव्हेत. पत्रकात 'रजिस्टर पाठवावे' म्हटलं होतं, म्हणून रजिस्टरं. ग्रंथपाल हा अक्षराला अक्षर धरून चालणारा माणूस असतो, हे माधुरीबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. एस.टी.च्या पार्सलने आली, दुधाच्या गाडीवर आली, एक जुन्या लुगड्यात बांधून आलं, एक नवऱ्यामुलाच्या मामाने नगरला बस्त्याला येताना आणून टाकलं. पंधरा दिवसांत त्रेचाळीस. दिवाण भरले, कपाट भरलं, 'बंद करणेबाबत'ची फाईल कुठेतरी तळाशी गेली. मग ती रंभाजीरावांनी शोधून पुन्हा वर ठेवली.

जेवणं झाली की नवराबायको रजिस्टरं वाचत बसत. काय काय होतं त्यात! अर्ध्या रजिस्टरांना तपासणीच्या आदल्या दिवशीचा ताजा वास होता. एकाच पेनाने, एकाच झोकात, वर्षभराच्या नोंदी. एका गावात तर तीस फेब्रुवारीलाही सतरा पुस्तकं बाहेर गेली होती. रंभाजीराव कौतुकाने मान हलवत. "हा माणूस परिषदेत पाहिजे होता," ते म्हणत.

आणि मग खडकमाळचं रजिस्टर उघडलं.

खडकमाळ हे पारनेरच्या पुढचं, एस.टी. जिथून मागे वळते ते गाव. रजिस्टराला कांद्याचा वास. पानांवर तेलाचे, हळदीचे, कसले कसले डाग. सह्या काही शाईच्या, काही पेन्सिलीच्या, काही नुसते अंगठे. आणि त्यात दर सात दिवसांनी, ओळीने, पानामागून पान, एकच दाखल क्रमांक: ४०७, 'तेरा गावांची नर्सबाई'.

माधुरीबाईंनी चष्मा पुसला. मोजलं. एकशे अकरा वेळा.

"खोटं!" लोंढ्यांनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला. "एकाच गाडीला रोज तीच शिटं? कुणीतरी तुम्हाला खूश करायला लिहिलंय, वहिनी."

माधुरीबाईंचा चेहरा उतरला. ती शंका त्यांनाही रात्रभर चावत होती. त्यांनी रंभाजीरावांकडे पाहिलं. रंभाजीरावांनी रजिस्टर उजेडात धरलं, पानं चाळली, नखाने एक डाग खरवडला, नाकाला लावला. सव्वीस वर्षं त्यांनी खोटे कागद पाहिले होते. "खोटं रजिस्टर," ते शांतपणे म्हणाले, "कधी इतकं घाण नसतं."

माधुरीबाईंना नवऱ्याबद्दल इतकं भरून लग्नानंतर क्वचितच आलं होतं.

खडकमाळला जायचंच, असं त्यांनी ठरवलं. पण त्याआधी एका सकाळी दारात धोतर-टोपीतले एक गृहस्थ उभे राहिले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक.

"पानपोई हेच का? मी कानिफनाथ दहातोंडे, नेवाशाकडचा. हे पुस्तक जमा करून घ्या."

माधुरीबाईंनी घाईघाईने वर्तमानपत्र सोडलं. आत एक रहस्यकथा, दुसऱ्याच प्रकाशकाची. पहिला वाचक दिसला तोही परक्याचा! मन मोठं करून त्यांनी विचारलं, "हे माझ्याकडे कशाला आणलंत?"

"मग कुठं नेऊ? रजिस्टर तुमच्याकडं. नोंद न्हाई तर पुस्तक जमा न्हाई, जमा न्हाई तर नवीन न्हाई. आमचा ग्रंथपाल लई कडक. तेवीस दिस झाले, बाई, हेच तीनदा वाचलं. खून कुनी केला ते आता आमच्या म्हशीला बी ठावं झालंय."

माधुरीबाई मटकन दिवाणावर, म्हणजे नर्सबाईंवर, बसल्या. त्रेचाळीस रजिस्टरं. म्हणजे त्रेचाळीस गावांत... गेला महिनाभर... एकही पुस्तक... वाचकाचा शोध घ्यायला निघालेल्या या बाईने पाव जिल्ह्याचं वाचन बंद पाडलं होतं!

दहातोंड्यांना चहा देईपर्यंत पोस्टमन आला. सरकारी लिफाफा. 'आपण शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे मूळ अभिलेख विनापरवानगी ताब्यात घेतल्याचे निदर्शनास आले आहे. मार्चअखेरची तपासणी तोंडावर असता सदर कृत्य गंभीर स्वरूपाचे असून तीन दिवसांत खुलासा करावा.'

माधुरीबाईंना वाटलं आता हातात बेड्या. रंभाजीरावांना मात्र रजा टाकून घरी बसताना कुणी इतकं आनंदी पाहिलं नसेल. "खुलासा!" ते हात चोळत म्हणाले. "किती वर्षांनी एवढा सुंदर विषय आला." त्यांनी चार पानी खुलासा लिहिला. त्यात 'अनवधानाने' हा शब्द नऊ वेळा होता आणि वाचून झाल्यावर चूक पत्रकाची होती, पोस्टाची की हवामानाची, हे कुणालाही सांगता आलं नसतं. तिकडे लोंढ्यांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला, आखणी केली, स्टँडवर जाऊन जुन्या ओळखीच्या कंडक्टरांना गाठलं आणि बेचाळीस रजिस्टरं दोन दिवसांत आपापल्या गावी रवाना केली. प्रत्येक गाडी सुटताना ते हात वर करून रजिस्टराच्या गावाचं नाव दोनदा पुकारत. निवृत्तीनंतर त्यांचे तेवढे दोन दिवस चांगले गेले.

त्रेचाळिसावं, खडकमाळचं, माधुरीबाईंनी मागे ठेवलं. ते त्या स्वतः नेऊन देणार होत्या. सोमवारी.

रविवारीच दारात कांद्याचा टेम्पो थांबला.

मार्केट यार्डात कांदा टाकून आलेल्या त्या रिकाम्या टेम्पोतून सात बाया उतरल्या. पुढे एक पन्नाशीची सडसडीत बाई, इस्त्रीचं पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर दोरा बांधलेला चष्मा.

"जय भीम. मी गोजरबाई साळवे, खडकमाळच्या वाचनालयाची ग्रंथपाल. आमच्या शेक्रेटरीनं मला न इचारता रजिस्टर तुमाला धाडलं. त्ये माघारी पायजे."

"अहो, मी उद्या स्वतःच..."

"उद्यावर न्हाई. आज पायजे. हितं मारामारी व्हायची येळ आलीया."

रजिस्टर हातात पडताच सहाही बाया त्यावर वाकल्या. 'नर्सबाई' नेण्याचा पुढचा नंबर कुणाचा, यावर महिनाभर गावात वाद होता. रंगुबाई म्हणे माझा, बायडाबाई म्हणे माझा, आणि पुरावा नगरला दिवाणावर पडलेला. गोजरबाईंनी बोट फिरवून निकाल दिला, "रंगुबाई." बायडाबाईने नाक मुरडलं. मग गोजरबाईंनी पिशवीतून एक वस्तू काढून दिवाणावर ठेवली.

माधुरीबाईंनी ती ओळखली नाही. गोधडीसारखं काहीतरी होतं. लुगड्याच्या काठाचं कव्हर, पाठीला सुतळीची शिवण, पानांच्या कडा कापसासारख्या मऊ. त्यांनी उघडलं आणि आत नर्सबाईंचा फोटो दिसला. स्वतःचं मूल परगावी वाढून एकदम मोठं होऊन समोर यावं, तशा त्या त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. दिवाणाखाली आठशे चाळीस कोरी करकरीत भावंडं होती. पण पुस्तक हे एकच.

"तीनदा शिवलंय," गोजरबाई म्हणाल्या. "आता बाई, तुमी छापलंय म्हन्ल्यावर तुमाला ठावं आसंल. ह्यांचा एक निवाडा करा. पान एकेचाळीसवरची बाई कोन?"

पान एकेचाळीस माधुरीबाईंना तोंडपाठ होतं. नर्सबाई सहा मैल चालत एका वस्तीवर बाळंतपणाला जातात. बाई अडलेली, कळा सुरू. आणि ती बाई दोन कळांच्या मध्ये उठते, चूल पेटवते आणि नर्सबाईंना चहा करून देते. म्हणते, लांबून आलात, आधी घोटभर घ्या, मग माझं बघा. नाव दिलेलं नाही.

"ती मीच," रंगुबाई म्हणाली. "माझ्या थोरल्याच्या येळंला. गुळाचा चा हुता."

"गुळाचा तर समद्यांचाच," बायडाबाई उसळली. "शेळीचं दूध लिवलंय का न्हाई त्यात? शेळी कुनाकडं हुती? सांग की!"

"माझ्याकडं बी हुती," मागून शेवंताबाई.

"तुझी आटल्याली हुती!"

"मी तर कपबशीत दिल्ता," चौथी, विमलबाई, हळूच म्हणाली. "ह्यांच्याकडं कपबशी कुटं हुती तवा?"

यावर चौघी एकदम बोलायला लागल्या. रंगुबाईची सून, जी आतापर्यंत मागे उभी होती, ती दिवाणावर टेकली, पुस्तक मांडीवर घेतलं, आणि भांडण मिटवावं म्हणून ते पान मोठ्याने वाचू लागली. बोट ओळीखाली, एकेक शब्द. भांडण थांबलं. चौघींचेही ओठ तिच्याबरोबर हलत होते. वाचता न येणाऱ्या त्या बायांना पानाचं पान पाठ होतं. 'आधी घोटभर घ्या' आलं तेव्हा चौघींनी एकाच वेळी पदर डोळ्याला लावला आणि एकमेकींकडे रागाने बघितलं.

दारात रंभाजीराव चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते आत आले नाहीत. माधुरीबाईंना त्यांच्याकडे बघायचं होतं, पण समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं.

आता खरी गोष्ट माधुरीबाईंना ठाऊक होती. मुद्रितं तपासताना त्यांनी नर्सबाईंना विचारलंच होतं. आणि नर्सबाई हसून म्हणाल्या होत्या, "अहो, असा चहा मला एका बाईने नाही दिला. बऱ्याचजणींनी दिला. सगळ्यांचं लिहिलं तर पुस्तकात चहाच होईल, म्हणून एकीचंच लिहिलं." म्हणजे चौघीही खऱ्या होत्या. हे सांगायला माधुरीबाईंनी तोंड उघडलं, आणि गोजरबाईंचा चष्मा त्यांच्याकडे वळला. त्या नजरेत काय होतं ते कळलं नाही, पण तोंड मिटलं.

"मला... पुन्हा वाचून सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. मग त्यांना उमाळाच आला. "आणि तोवर तुम्ही सगळ्या एकेक प्रत घेऊन जा! माझ्याकडे आहेत. ह्याच दिवाणाखाली आहेत!"

बायांचे डोळे लकाकले. गोजरबाईंनी हात आडवा केला.

"न्हाई बाई. एकच बरी. एकेकीला एकेक दिली तर घरात मडक्याखाली जाईल. रांग हाय म्हनून तर ह्या माझ्याकडं येत्यात. हे न्यायला येत्यात, आन् नंबर न्हाई म्हनून दुसरं घिऊन जात्यात. ह्या चौघींच्या भांडनावर माझं समदं वाचनालय चालतंय."

अकरा पुस्तकांच्या प्रकाशिकेने ते ऐकून घेतलं. एवढं शहाणं बोलणं तिने कुठल्याच अधिवेशनात ऐकलं नव्हतं. पण दिवाणाखालची एकही प्रत हलली नाही, ही रुखरुखही तिच्या मनात होतीच.

"मग निदान निवाड्यासाठी माझी कोरी प्रत वाचते," त्या म्हणाल्या.

"तिचा काय उपेग? आमचीच वाचावी लागंल. हिच्यात एकेचाळीस नंबरावर चौघींनी आपापली बाजू पेन्शिलीनं मांडलीया. फकस्त त्या एका पानाला मी परवानगी दिली." गोजरबाईंनी रजिस्टर उघडलं, पेन काढलं. "तुमचा नंबर सहावा. नाव सांगा."

त्या गेल्यावर रंभाजीरावांनी फाईल खाली काढली, धूळ झटकली आणि परत वर ठेवली. "मुदत पाडव्यापर्यंत आहे," ते म्हणाले. "मुदतीआधी प्रकरण निकाली काढता येत नाही." आवाज मात्र त्यांचा हेडक्लार्कचा राहिला नव्हता.

पुरस्कार कुणाला, हा प्रश्न माधुरीबाईंपुरता सुटला होता. अध्यक्ष म्हणाले, "त्या बाईंचा अर्ज कुठे आहे?" रंभाजीरावांनी सेक्रेटरीचं रजिस्टराबरोबर आलेलं पत्र पुढे केलं आणि हाच अर्ज कसा, हे दीड पानात सिद्ध केलं. अध्यक्षांनी अर्ध्या पानातच हात टेकले.

नेवाशाच्या मंगल कार्यालयात अधिवेशन भरलं. पुण्याच्या प्रकाशकांच्या डायऱ्या, पिशव्या, आमटीचा वास. नाव पुकारल्यावर गोजरबाई पिशवीसकट व्यासपीठावर आल्या. माधुरीबाईंनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली, घागर आणि नारळ हातात दिला. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या चालू असतानाच गोजरबाईंनी शाल काढली, घडी घातली, अध्यक्षांच्या पुढ्यातला गुच्छ बाजूला सारला आणि पिशवीतून शाईचा पॅड, रबरी शिक्का आणि दाखल रजिस्टर काढलं. शिक्क्याला तोंडाची वाफ दिली. धप्प! शालीच्या कोपऱ्यावर 'सार्वजनिक वाचनालय, खडकमाळ'. मग घागरीला चिठ्ठी चिकटवून त्यावर. मग नारळावर. मिळालेल्या डायरीवरसुद्धा. माधुरीबाई शेजारी उभ्या. आपण एवढ्या हौसेने घातलेल्या शालीवर शिक्का पडताना त्यांना क्षणभर कसंसंच झालं.

सूत्रसंचालकाने घाईने माइक पुढे केला, "दोन शब्द..."

"आल्याली वस्तू त्याच दिशी दाखल करायची, आसा नियम हाय," गोजरबाई माइकमध्ये म्हणाल्या. "उद्यावर टाकली की ती आपली वाटाया लागती."

आणि खाली उतरल्या.

मग मागच्या रांगेतून ते म्हातारे ग्रंथपाल, बांधणीवर अंगठा दाबणारे, उठून उभे राहिले. त्यांच्या शेजारचा उठला. दोनशे माणसं उठली. तीस फेब्रुवारीवालाही उठला होता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नुसतेच उभे राहिले.

पाडव्याच्या आधी तीन दिवस पोस्टकार्ड आलं. 'आपला नंबर लागला आहे. पुस्तक समक्ष येऊन नेणे.'

आठशे चाळीस प्रती घरात असलेली बाई एक प्रत आणायला, सकाळी गुढी उभारून, एस.टी.ने खडकमाळला निघाली. रंभाजीराव बरोबर होते, काखेत फाईल. लोंढ्यांनी स्टँडवर येऊन गाडी स्वतः सोडली.

वाचनालय म्हणजे समाजमंदिराची खोली. दोन कपाटं, एक बाक. दारात पितळी घागर भरून ठेवलेली, तिच्यावर चिठ्ठी, दाखल क्रमांक ६१४. येणारा तिच्यातून पाणी घेत होता.

"आणि शाल?" माधुरीबाईंनी विचारलं.

"बाहेर हाय. बायडाबाईच्या नातवाचं बारसं झालं, तिनं नेली. शुक्रवारी येईल माघारी." गोजरबाईंनी रजिस्टर बघून सांगितलं. "नारळ बाद केला. कमिटीचा ठराव घिऊन, समद्यांना वाटून."

मग ती गोधडी पुढे आली. माधुरीबाईंनी एकेचाळिसावं पान उघडलं. समासात चार हातांची पेन्सिल, कुणाच्या सुनेची, कुणाच्या नातीची. 'गुळाचा होता.' 'शेळी आमची होती.' 'कपबशी अजून घरात आहे, बघायला या.' शेवंताबाईकडे लिहिण्याजोगा पुरावा नव्हता. तिने नुसतं लिहवून घेतलं होतं, 'मला आठवतंय.'

"इथं सही," गोजरबाई म्हणाल्या.

'वाचकाची सही' या रकान्यात माधुरीबाईंनी सही केली. सात वर्षं त्या ज्या रकान्याच्या मागे होत्या, तो एवढा अरुंद असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. 'निमसे' खालच्या ओळीत गेलं.

रंभाजीरावांनी बाकावर फाईल उघडली, चष्मा लावला आणि मोत्यासारख्या अक्षरात शेरा मारला: 'अर्जदारास मुदतीत एक वाचक समक्ष आढळला. नाव: सौ. माधुरी रंभाजी निमसे. प्रकरण बंद.' मग गोजरबाईंकडे बघून अदबीने म्हणाले, "जरा शिक्का मिळेल का?"

गोजरबाईंनी शिक्क्याला वाफ दिली. धप्प.

बाहेर ओट्यावर रंगुबाई, बायडाबाई, शेवंताबाई, विमलबाई रांगेने बसल्या होत्या. निवाडा आजच लागतो की काय, या काळजीने. माधुरीबाई पुस्तक छातीशी धरून निघाल्या, तशा गोजरबाई दारापर्यंत आल्या.

"सात दिसांत माघारी," त्या म्हणाल्या. "पानं दुमडायची न्हाईत." मग आवाज खाली आणून, ओट्याकडे पाठ करून, "आन् निवाडा घाईनं दिऊ नका, बाई. तुमच्यामागं अजून नऊजणी हायत."